नेटवर्कशी सही करण्याआधी फीड कोणाच्या नावावर आहे ते बघा

पॉडकास्टचं फीड (ज्या लिंकवरून अ‍ॅप्स तुमचे भाग उचलतात ती) नेटवर्कच्या, म्हणजे अनेक शो चालवणाऱ्या कंपनीच्या, खात्यातून चालत असेल तर वेगळं होताना श्रोते तिकडेच राहतात. अंधेरीतल्या एका ऑफिसात कटिंग पिता पिता मी सही ठोकली आणि दीड वर्षाने शून्यापासून सुरुवात केली.

१. होस्टिंग खातं (जिथे ऑडिओ अपलोड होतो आणि फीड बनतं) स्वतःच्या ईमेलवर ठेवा, नेटवर्कला फक्त टीम मेंबर म्हणून आत घ्या. फीडमधला ओनर ईमेलही तुमचाच हवा. मालकी पडताळणीचा कोड बहुधा तिथेच येतो.

२. ते ऐकत नसतील (बहुतेक वेळा नाहीच ऐकत) तर करारात एवढी ओळ घालून घ्या: ‘करार संपल्यावर जुनं फीड नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट करू.’ म्हणजे जुन्या लिंकवर येणारं अ‍ॅप आपोआप नव्या लिंकवर जातं. अ‍ॅपल हे रीडायरेक्ट किमान ४ आठवडे ठेवायला सांगतं. मी आता सहा महिने मागतो.

३. कॉपीराइट सोपवताय? मुदत लिहाच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार मुदत नमूद नसेल तर ५ वर्षं धरतात.

रीडायरेक्टने ऑडिओ फाइली मात्र आपोआप येत नाहीत. प्रत्येक भागाची मूळ फाइल आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा.