फौजेतून बाहेर पडून नोकरी करता करता सीपीएल करताय? या चुका टाळा

मी वीस वर्षं एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा) होतो, आता बँकेत आहे, आणि कमर्शियल पायलट लायसन्सच्या (सीपीएल) मागे लागलोय. माझ्यासारखे बरेच जण आहेत, रिटायर होताना वय अडतीस-चाळीस, हातात ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतल्याचे) पैसे आणि मनात वीस वर्षं दुसऱ्यांची विमानं सांभाळताना साठलेली इच्छा. एअरलाइनचा पायलट ६५ व्या वर्षापर्यंत उडवू शकतो, त्यामुळे वय संपलंय असं अजिबात नाही. पण भरतीला प्रत्येक कंपनीची स्वतःची वयाची अट असते, ती आधी बघून घ्या. बाकी ज्या चुका मी केल्या किंवा माझ्या बरोबरच्यांनी केल्या त्या खाली लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे शनिवार-रविवार उडवत उडवत सीपीएलला लागणारे उड्डाणाचे २०० तास होतील असं धरून चालणं. एकदा कागदावर हिशोब करा ना. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसात फारसं फ्लाईंग होतच नाही, राहिले पस्तीसेक वीकेंड, आणि त्यात एका वीकेंडला एक तास मिळाला (कधी विमान स्नॅगवर म्हणजे बिघडलेलं असतं, कधी इन्स्ट्रक्टर सुट्टीवर, कधी व्हिजिबिलिटी नाही) तर वर्षाला ३५ तास. पाच वर्षांत १७५. आणि डीजीसीएला (लायसन्स देणारं सरकारी विमान वाहतूक खातं) सीपीएलचे २०० तास अर्ज करायच्या आधीच्या ५ वर्षांतलेच लागतात. म्हणजे तुम्ही शेवटाला पोचायच्या आधीच पहिल्या वर्षाचे तास गळायला लागतात. वर त्यातले १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले पाहिजेत आणि त्यातले १५ शेवटच्या ६ महिन्यांतले. वीकेंडच्या गतीने हे गणित बसत नाही, कितीही जिद्द असली तरी.

आणि तास गळायच्या आधी हात गळतो. मला एकदा मधे तेवीस दिवसांचा गॅप पडला, बँकेत मार्च एंड होता. त्यानंतर सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन फायनलवर (उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) आलो, स्पीड बरोबर ६५ नॉट, रनवे समोर सरळ, सगळं छान वाटत होतं. पण फ्लेअर करताना (टेकायच्या आधी नाक हळूच उचलताना) नजर लांब रनवेच्या टोकाला ठेवायची ती पुढच्या चाकासमोर गेली, मी योक (विमानाचं हँडल) जरा जास्तच ओढला, विमान फुग्यासारखं वर गेलं, स्पीड पडला आणि दाणकन बसून परत उसळलं. इन्स्ट्रक्टरने शांतपणे 'आय हॅव कंट्रोल' म्हणून गो अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं. पुढचे तीन तास फक्त सर्किट (रनवेभोवती फेरी मारून परत उतरणं) मारण्यात गेले, नवीन काही शिकलो नाही, पैसे मात्र पूर्ण तासाचे. दर गॅपनंतर असंच होतं.

उपाय एकच, अभ्यास नोकरीबरोबर आणि फ्लाईंग रजा घेऊन. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकलचे पेपर, रेडिओची परीक्षा हे सगळं रोज पहाटे दोन तास बसून नोकरी सांभाळून होतं, पासिंग ७० टक्के आहे आणि फौजेत पहाटे उठायची सवय असतेच. ते संपवा आणि मग ऑक्टोबर ते मे मधले सलग महिने रजा, बिनपगारी मिळाली तरी घ्या. कंपनीला सुरुवातीलाच लेखी विचारा, किती महिने सोडाल आणि नोकरी टिकेल का. आयत्या वेळी साहेब नाही म्हणाले तर अर्धवट लटकाल. ज्या आठवड्यात उडायला मिळत नाही तेव्हा घरी खुर्चीत बसून चेकलिस्ट हातात घेऊन सगळं सर्किट तोंडाने म्हणा, हात हलवत, वेळेवर. माझी मुलगी बघून विचारायची बाबा काय करताय, पण खरंच फरक पडतो.

दुसरी चूक मेडिकलची आणि ही आपल्या लोकांना जास्त महागात पडते. इंजिनाच्या आवाजात वर्षानुवर्षं काढल्यावर बऱ्याच जणांच्या कानाचं काहीतरी निघतं, बीपी निघतं, रिलीज मेडिकल बोर्डात (फौज सोडतानाच्या तपासणीत) ते लिहिलं जातं आणि त्यावर डिसॅबिलिटी पेन्शनही चालू होतं. मग डीजीसीएच्या फॉर्ममध्ये 'पूर्वी काही आजार' च्या रकान्यात काही जण 'नाही' लिहितात. असं करू नका. तुमचे सर्व्हिस रेकॉर्ड सरकारकडेच आहेत, एका ठिकाणी आजाराचं पेन्शन आणि दुसरीकडे मी ठणठणीत असं दोन्ही चालत नाही, आणि खोटं उघडं पडलं तर लायसन्ससकट सगळं जाईल. खरं लिहा, कागद जोडा, तपासणी होऊ दे. बीपी गोळीवर कंट्रोलमध्ये असलं तर सरसकट नाकारतातच असं नाही. क्लास टू (सुरुवातीचं मेडिकल) झाल्यावर थांबू नका, क्लास वन (सीपीएलला लागणारं कडक मेडिकल) पण फ्लाईंग स्कूलची फी भरायच्या आधीच करून घ्या. माझ्या एका कोर्समेटने आधी पैसे भरले आणि नंतर कलर व्हिजनवर अडकला, पैसे परत मिळवायला त्याला फार धावपळ करावी लागली.

शुक्रवार रात्रीचं पण सांगतो. कॅन्टीनची रम घरात असते, आठवडाभर काम करून थकलेलो असतो, मित्र येतात. शनिवारी सकाळी सातची सॉर्टी (उड्डाण) असेल तर १२ तास आधीपासून एक घोटही नाही, ट्रेनीचीही ब्रेथ टेस्ट होते आणि रीडिंग शून्यच यावं लागतं. माऊथवॉश, कफ सिरप याने पण गडबड होऊ शकते. आणि झोप, पाच तास झोपून शंभर किलोमीटर गाडी चालवून थेट विमानात बसू नका, आदल्या रात्री तिथेच मुक्कामाला जा.

कागदपत्रांचं थोडक्यात: सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल (वडिलांचं नाव गायब असणं हे आपल्याकडे नेहमीचंच) तर आधी ते गॅझेटमध्ये दुरुस्त करा. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर एनआयओएस या मुक्त शाळा बोर्डातून द्या, पंधरा वर्षांच्या सर्व्हिसनंतर मिळणारं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट इथे उपयोगी येत नाही.

शेवटी पैसे. कम्युटेशनची सगळी रक्कम एकदम भरलीत तर 'लवकर होईल' असं सांगणारे असतात. मी एकरकमी भरले आणि पुढे दोन महिने विमान ग्राउंडेड, उत्तर द्यायला कोणी नाही. डीजीसीएने २०२५ मध्ये फ्लाईंग स्कूलचं रँकिंग काढलं, पहिल्या यादीत ए प्लस किंवा ए ही वरची ग्रेड एकालाही नव्हती, ती यादी बघा. मग स्वतः जाऊन दोन दिवस ॲप्रनजवळ (विमानं उभी करायच्या जागेजवळ) उभं राहा, किती विमानं खरंच उडतात ते मोजा, तिथल्या मुलांना विचारा महिन्याला किती तास मिळतात. फी टप्प्याटप्प्याने, तास झाल्यावर, असं लेखी घ्या, आणि ते देत नसतील तर दुसरीकडे बघा. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर, पर्याय आपल्या राज्यातच आहेत.