नॉर्दर्न लाइट्स बघायला चाललात? मग या चुका टाळा

गणपती उठले की फोन सुरू होतात. कोथरूड, बाणेर, सहकारनगर, हल्ली थेट तळेगाव. मागणी ठरलेली: आठ दिवस, चार देश, चार राजधान्या, आणि "मध्ये एक रात्र नॉर्दर्न लाइट्स टाका." मी हिवाळ्यात इथून छोटे गट घेऊन नॉर्वे-फिनलंडला जातो. हे "टाका" ऐकलं की मला त्या लोकांची पुढची सगळी सहल डोळ्यांसमोर दिसायला लागते, फक्त लाइट्स सोडून.

एका रात्रीवर सगळी भिस्त

सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने चेतवलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून खाली येतात आणि वातावरणातल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात, त्याचा हा उजेड, म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स किंवा अरोरा. तो साधारण 100 किलोमीटर आणि त्याच्याही वर असतो. ढग असतात 10 किलोमीटरच्या आत. वर कितीही धुमाकूळ चालू असला तरी खाली ढगांची गोधडी असेल तर तुम्हाला काहीही दिसणार नाही. उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो 69 अंश उत्तरेला, अरोराच्या पट्ट्याच्या, म्हणजे ध्रुवाभोवती तो जिथे नेहमी दिसतो त्या गोल पट्ट्याच्या, बरोबर खाली आहे. तिथे अडचण अरोराची कमी आणि ढगांची जास्त. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथला समुद्र गोठत नाही, थंडी त्या मानाने सौम्य असते, आणि त्याच कृपेने ढगही भरपूर.

ताडोब्याला एकच सफारी घेऊन वाघ दिसला नाही म्हणून जिप्सीवाल्याशी हुज्जत घालणारी माणसं आपण पाहिली आहेत. तीच माणसं पुढे ट्रॉम्सोला भेटतात.

माझा शिरस्ता असा, की एकाच ठिकाणी किमान चार रात्री, त्यातल्या तीन आकाशासाठी राखीव. चौथी झोपेसाठी, कारण तीन रात्री दोन वाजता हॉटेलवर परतल्यावर माणूस माणसात राहत नाही. पैसे कमी पडत असतील तर राजधान्या उडवा. डिसेंबरातलं ओस्लो न बघितल्याने कुणाचं अडलेलं नाही. ढगांची फारच धास्ती असेल तर स्वीडनमधलं आबिस्को बघा. पश्चिमेकडचे डोंगर बरंचसं बाष्प अडवतात आणि टोर्नेत्रेस्क तलावावरचं आकाश पुष्कळदा मोकळं राहतं. गाव एवढंसं आहे, खरेदी शून्य. म्हणूनच आपल्याकडे ते कुणी मागत नाही.

बसमध्ये बूट काढून बसणं

ही माझी खास नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

मागे एका फेब्रुवारीत किनारपट्टीवर सगळीकडे ढग होते. आमचा गाइड नॉर्वेजियन, अबोल माणूस. त्याने हवामानाचा नकाशा बघितला आणि गाडी सरळ शीबोत्नमार्गे फिनलंडच्या सरहद्दीकडे काढली. दोन-अडीच तासांनी किल्पिसयार्वीजवळ रस्त्याकडेला थांबलो तेव्हा उणे 24 होतं आणि डोक्यावर चांदण्यांचा खच पडला होता. गटात एक निवृत्त काका होते. त्यांनी मोबाइलवर ॲप उघडून निकाल जाहीर केला, "केपी एक आहे. आज काही होत नाही."

आता हे केपी प्रकरण. केपी हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलंय ते सांगणारा 0 ते 9 असा आकडा आहे, तीन-तीन तासांचा, सगळ्या पृथ्वीसाठी मिळून काढलेला. अरोरा दक्षिणेकडे कुठपर्यंत उतरेल याचा अंदाज त्यावरून येतो. तुम्ही मुळात पट्ट्याखालीच उभे असाल तर एक-दोन पुरतो. 2024 च्या मे महिन्यातल्या चुंबकीय वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल झाक टिपली गेली, तिच्या बातम्या वाचल्यापासून पुण्यात प्रत्येकाला आठ-नऊच्या खालचा केपी म्हणजे नापास वाटतो.

साडेदहाच्या सुमारास उत्तरेला फिकट पांढुरका पट्टा उमटला. गाइडने बोट दाखवलं. काका म्हणाले, "तो ढग आहे." मी मोबाइलवर तीन सेकंदांचा फोटो काढून दाखवला, चक्क हिरवा. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना रंग कळत नाहीत, त्यामुळे मंद अरोरा डोळ्यांना राखाडी दिसतो आणि कॅमेऱ्याला हिरवा. हे मी पुण्यातच, निघण्याआधीच्या बैठकीत सांगितलं होतं. तरीही गटात कुजबुज सुरू झाली की डोळ्यांना पांढरं आणि फोटोत हिरवं म्हणजे फसवणूकच. निम्मी मंडळी बसमध्ये जाऊन बसली. हीटर, बाकरवडी, बूट काढलेले, प्रत्येकाच्या हातात पेटलेला मोबाइल.

अरोराचा स्वभाव असा, की तो तासन् तास शांत कमानीसारखा पडून राहतो आणि मग एकाएकी फुटतो. खरा तमाशा काही मिनिटांचा, फार तर पाऊण घटकेचा. नंतर आकाशभर विझत-पेटत राहणारे ठिपके उरतात. पुन्हा फुटेलही, पण तास-दोन तासांनी. त्या रात्री सव्वाबाराला कमान दक्षिणेकडे सरकली आणि थेट डोक्यावर आली. किरणांचे झोत चारी बाजूंना सुटले, खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी किनार. बाहेर उभे असलेले सगळे अक्षरशः ओरडत होते. बसच्या काचांवर आतून धुकं. आत नाड्या, हातमोजे, "माझा डावा बूट कुठंय". एक ताई नुसत्या मोज्यांवर बर्फात उतरल्या, त्यांना गाइडने दंडाला धरून परत वर चढवलं. काका सज्ज होऊन खाली आले तेव्हा ठिपके राहिले होते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांचं मत, "तसं फार काही नव्हतं." संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो मात्र टाकले. माझे.

तेव्हापासून माझ्या गाडीत बूट काढायला बंदी आहे. वीस मिनिटं बाहेर, दहा मिनिटं आत, आणि आत जाताना कुणीतरी एक जण पहाऱ्याला. मोबाइल खिशात, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सॲप मेसेज ती सगळी मेहनत पुसून टाकतो. "कधी दिसणार?" हा प्रश्न गाइडला विचारायचा नाही. सौरवारा मोजणारी यानं पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहेत. त्यांच्याकडून पक्की खबर मिळते ती आदळण्याआधी फार तर तासभर. शुक्रवारी रात्री दहा वाजता शो आहे असं तुम्हाला मंगळवारीच सांगणारा माणूस तिकीट विकतोय एवढंच समजा.

आणि गाडी लहान घ्या. पन्नास जणांची मोठी बस स्वस्त पडते, मान्य. पण ढग आले की आठ-दहा जणांची व्हॅन कुठूनही वळते, मोठ्या बसला वळायला जागा शोधावी लागते. शिवाय पन्नासांतले दोन जण कायम शौचालयाच्या शोधात असतात.

दोन मोजे घालणं

थंडीची तयारी म्हणजे सगळं डबल, असा आपला समज. दोन मोजे, त्यावर नेहमीच्या मापाचा बूट. पाय आवळला जातो, रक्त खेळत नाही आणि अर्ध्या तासात बोटं बधिर. बूट एक माप मोठा घ्या, आत लोकरीचा एकच जाड मोजा, बोटं हलली पाहिजेत. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. घाम शोषून ओला झालेला सुती कपडा वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढत राहतो. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जाकीट, बस्स. बऱ्याच टूर जाड सूट आणि बूट देतात, ते आधी विचारा आणि मगच दुकानात पंधरा-वीस हजार उधळा. आजीने विणलेली माकडटोपी बिनदिक्कत न्या, उणे वीसला तिच्यासारखी गोष्ट नाही.

माझी स्वतःची युक्ती म्हणजे योगाच्या जुन्या मॅटचा तुकडा. बर्फावर तो टाकायचा आणि त्यावर उभं राहायचं. थंडी वरून येते त्याहून जास्त तळव्यांतून चढते. लोक आधी हसतात आणि दुसऱ्या रात्री तुकडा मागायला येतात.

ट्रॉम्सोच्या फुटपाथवर बर्फाची काच झालेली असते. बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे तिथे सहज मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. मनगट मोडल्यावर नको.

कॅमेरा तिथे गेल्यावर शिकू

नाही शिकणार. उणे पंधराला, अंधारात, हातमोजे घालून मेनू उघडत बसलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावर नाचणारं आकाश, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता दयाही येत नाही. अमावास्येच्या आसपास एक रात्र पानशेत किंवा मुळशीकडे जा. ट्रायपॉड लावा, ऑटोफोकस बंद करा, एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस करून तिथेच टेप चिकटवा. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) शक्य तेवढं मोठं, एफ 2.8 असेल तर उत्तम. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, 1600 ते 3200, शटर उघडं ठेवायची वेळ पाच ते पंधरा सेकंद. अरोरा वेगाने हलत असेल तर वेळ कमी करा, नाहीतर पडदे पुसट होऊन नुसती हिरवी खीर दिसते. हे सगळं हातमोजे घालून करा. पुण्यात बघणारे बघतील, बघू द्या.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. परत आल्यावर कॅमेरा बॅगेतून लगेच बाहेर काढायचा नाही, काचेवर दव धरतं. बॅग बंद ठेवून झोपा, सकाळी उघडा.

फ्लॅश मारणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखी भाषा नाही.

मे महिन्याची सुट्टी

मुलांना मेमध्ये सुट्टी असते हे मला माहीत आहे, पण सूर्याला सांगणार कोण? ट्रॉम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही, आणि एप्रिलच्या मध्यापासूनच रात्र धड काळी होत नाही. सप्टेंबर ते मार्चअखेर हाच हंगाम. नाताळात भाडी गगनाला भिडतात, शिवाय नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही, दुपारच्या आसपास काही तास निळसर संधिप्रकाश एवढाच दिवस. लहान मुलं कंटाळतात, मोठी माणसं चिडतात. माझी पसंती फेब्रुवारीअखेर ते मार्च. दिवसा ऊन असतं, रेनडिअर आणि बर्फातल्या गाड्या होतात, रात्र पुरेशी लांब असते, आणि विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय हालचालही वाढते. शाळेपायी दिवाळीतच जायचं असेल तर किनारा सोडून फिनलंडच्या आतल्या भागात जा.

पौर्णिमा आली म्हणून तारखा बदलू नका. मंद अरोरा चांदण्यात थोडा पुसला जातो हे खरं, पण फोटोत डोंगर उजळून निघतात.

किरकोळ, पण रडवणाऱ्या

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका, ढगांमागे पळताना गाडी देश बदलते. डोक्यावरचा दिवा लाल उजेडाचा हवा. पेढे आणि तूप बॅगेत भरू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ नॉर्वेत किंवा युरोपीय संघात नेता येत नाहीत. थेपले, चटण्या, मेतकूट खुशाल न्या.

"दिसण्याची हमी" या शब्दांखालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ पैसे परत असा नसून दुसऱ्या रात्री पुन्हा फुकट किंवा सवलतीत यायला मिळेल असा असतो. म्हणजे तुमच्याकडे दुसरी रात्र शिल्लक असेल तरच उपयोग.

व्हिसाचं घाईवर सोडू नका. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड, चौघांनाही शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. हिवाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटा पटापट संपतात. फेब्रुवारीत जायचं असेल तर मला फोन ऑक्टोबरात करा. जानेवारीत करून "ओळखीने काही होतं का बघा" म्हणू नका. होत नाही.