रोमन खापरं वाचायला शिकताना

रोमन भांड्यांच्या अभ्यासाला लागलेले बहुतेक जण पहिल्यांदा टेरा सिजिलाटाच्या प्रेमात पडतात. लाल, तुकतुकीत, तळाशी कुंभाराचा शिक्का असलेली ही भांडी आहेतच देखणी. तरी नव्या विद्यार्थ्याला मी सांगेन, सुरुवात अँफोऱ्याच्या, म्हणजे तेल-मद्य वाहून नेणाऱ्या दोन कानांच्या मोठ्या मातीच्या भांड्याच्या, जाड, ओबडधोबड खापरांपासून करा. डोळा तिथेच तयार होतो.

खापर हातात आलं की जर्मन अभ्यासक ड्रेसेलच्या १८९९च्या तक्त्यात, जिथे अँफोऱ्यांच्या आकारांना क्रमांक दिले आहेत, त्याचा आकार शोधायची घाई होते. थोडं थांबा. परवानगी घेऊन पकडीने कडेचा कपचा काढा आणि ताजी कड दहापट भिंगाखाली धरा. अभ्रक चमकतंय का? चुन्याचे पांढरे ठिपके आहेत? व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या अँफोऱ्यांच्या मातीत ज्वालामुखीचे काळे, चकाकते कण असतात, जणू काळी वाळूच मळली आहे. ते एकदा नीट पाहिले की पुढे काठ-कान नसलेला तुकडाही ओळखता येतो. फोटो पाहून मात्र हे जमत नाही. संग्रहातले पेटारे उघडून बसावं लागतं.

रेखाटन कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. काठाचा व्यास मोजून छेद काढताना जे बारकावे दिसतात, ते नुसतं बघून सुटतात.

मग येतो अर्थ लावण्याचा भाग, आणि माझं मन खरं रमतं ते इथे. रोममधली मोंते तेस्ताच्चो ही टेकडी जवळजवळ सगळीच फुटक्या अँफोऱ्यांची आहे, त्यातही मुख्यतः स्पेनच्या बेटिका प्रांतातून ऑलिव्ह तेल आणणाऱ्या ड्रेसेल २० प्रकाराच्या. शिक्के आणि शाईने लिहिलेल्या नोंदींमुळे तिथे तेलाचा हिशेबच वाचता येतो. पण शिक्क्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आतेइउस या कुंभाराचं नाव असलेली टेरा सिजिलाटाची भांडी इटलीतल्या आरेत्सोइतकीच पिसातही बनत होती. फरक कळतो मातीच्या रासायनिक विश्लेषणातून.

आपल्याकडच्या अभ्यासकांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू या प्राचीन बंदराचं उदाहरण जवळ ठेवावं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५मध्ये तिथे उत्खनन केलं आणि आरेत्सोच्या भांड्यांवरून थरांचा काळ ठरवला. सोबत सापडलेली चक्राकार नक्षीची भांडीही भूमध्य प्रदेशातून आली असावीत, असं तेव्हा वाटलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या विश्वास गोगटे यांच्या क्ष-किरण तपासणीने त्या मातीचा माग गंगेच्या त्रिभुज प्रदेशाकडे नेला.

पश्चिम भारतातल्या स्थळांची खापरं हाताळणार असाल, तर ‘रोमन अँफोरा’ अशी चिठ्ठी लावलेला तुकडा आतूनही बघा. काळ्या डांबराचा थर असेल आणि भांड्याला कान नसतील, तर तो बहुधा मेसोपोटेमिया-इराणकडचा टॉर्पेडो रांजण असतो. रोमन मद्याच्या अँफोऱ्यांना आतून पाइनच्या राळेचा लेप देत. तुलनेसाठी साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अँफोऱ्यांचा डिजिटल संग्रह फुकट पाहता येतो. त्यात आकारासोबत मातीचंही वर्णन आहे. तेच आधी वाचा.