टिश्यूवर एन्झाइमचं काम बघायचंय? माल्डी इमेजिंग शिकतानाचा माझा अनुभव

एमएस्सी बायोकेमिस्ट्री करून पीएचडीला लागले तेव्हा एन्झाइम अ‍ॅसे म्हणजे टिश्यू होमोजिनाइज करायचा (वाटून एकजीव करायचा) आणि क्युवेटमधला रंग मोजायचा, एवढंच माहीत होतं. आकडा मिळतो, पण तो मेंदूच्या कुठल्या भागातून आला हे होमोजिनायझरमध्येच पुसलं जातं. अँटीबॉडीने स्टेन केलं तर प्रोटीन कुठे आहे ते दिसतं, पण ते काम करतंय का ते नाही कळत. म्हणून मला माल्डी इमेजिंग मनापासून आवडतं: लेझरने टिश्यूवरचे रेणू उडवून त्यांचं वजन मोजायचं आणि कुठे काय आहे याचं चित्र काढायचं. काप काचेवर तसाच, त्यावर सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) फवारायचा, एन्झाइमला जागच्या जागी काम करू द्यायचं, मग मॅट्रिक्स (लेझर शोषून रेणूंना उडायला मदत करणारं रसायन) मारून तयार झालेलं प्रॉडक्ट ठिपक्या-ठिपक्याने मोजायचं.

मी उंदराच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज बघत होते. हे एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिन तोडून कोलिन बनवतं. कोलिन टिश्यूत आधीच भरपूर असतं, मग आपल्या सबस्ट्रेटमधून आलेलं कोणतं हे ओळखायला 9 ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजन असलेलं) अ‍ॅसिटिलकोलिन घेतात. साधं कोलिन मशीनच्या वजनाच्या आकड्यात (m/z) 104.1 ला, लेबलवालं 113.2 ला, तिथे गोंधळ नाही. माझा गोंधळ भलतीकडेच झाला. लेबलवाला सबस्ट्रेट येतो 155.17 ला आणि मॅट्रिक्स म्हणून वापरलेलं डीएचबी 155.03 ला, मी सॉफ्टवेअरमध्ये मास विंडो (किती m/z पर्यंतचा सिग्नल एकच धरायचा ती मर्यादा) रुंद ठेवलेली, त्यामुळे सबस्ट्रेट किती छान एकसारखा बसलाय म्हणून आठवडाभर खूश होते आणि मग जिथे तो फवारलाच नव्हता त्या काचेवरही तो दिसायला लागला. मी मॅट्रिक्सचाच फोटो बघत होते. इमेज उघडण्याआधी स्पेक्ट्रम (कोणत्या m/z ला किती सिग्नल याचा आलेख) बघा, प्लीज.

पण खरी मेहनत आहे पाण्याची. पाण्याशिवाय हायड्रोलिसिस (पाण्याने रेणू तुटणं) होत नाही आणि पाणी जरा जास्त झालं की कोलिनसारखा छोटा रेणू जिथे बनला तिथून वाहत जातो, मग चित्र सुंदर येतं पण खोटं असतं. थर कोरडा-कोरडा फवारायचा, ओलावा ह्युमिड चेंबरमधून द्यायचा, आणि स्लाइड थंड असताना आत टाकायची नाही, नाहीतर दव धरतं आणि सगळं गेलं. हे हाताला बसायला मला काही महिने लागले, प्रोटोकॉल वाचून नाही येत. सोपी तपासणी म्हणजे कापाची कडा बघा, 113.2 चा सिग्नल कडेबाहेर काचेवर सांडलेला दिसला तर तो रन सोडून द्या.

सॅम्पलचं थोडक्यात: फॉर्मलिन नको, एन्झाइम मरतं. ताजा टिश्यू गोठवायचा, 10-12 मायक्रॉनचे काप. ओसीटीमध्ये (काप घेण्यासाठी टिश्यू ज्यात गोठवतात ते जेल) बुडवू नका, त्यातले पॉलिमर सिग्नल दाबतात, फक्त खाली चिकटवण्यापुरता ठिपका.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे काप! 10 बाय 7 मिलिमीटरचा काप 50 मायक्रॉनला म्हणजे 28,000 पिक्सेल, मशीनचा वेळ मिळता मिळत नाही, त्यामुळे कंट्रोल गाळायचा मोह होतो. गाळू नका. एक काप सबस्ट्रेटशिवाय, एक निओस्टिग्मिन (या एन्झाइमला अडवणारं औषध) देऊन, आणि शेजारी कोरी काच सबस्ट्रेटसकट, कारण अ‍ॅसिटिलकोलिन अल्कलाइन बफरमध्ये एन्झाइमशिवायही तुटतं. वेळही बदलून बघा, एन्झाइम इतकं वेगवान आहे की जास्त थांबलात तर सबस्ट्रेट संपतो आणि सगळे भाग सारखेच दिसतात. माझ्याकडे इन्क्युबेशन कमी केल्यावरच स्ट्रायटम (मेंदूचा आतला भाग) उजळ आणि कॉर्टेक्स (बाहेरचा थर) फिका असा फरक पहिल्यांदा दिसला, आणि शेजारचा निओस्टिग्मिनवाला काप पूर्ण काळा होता.