अन्स्टच्या खडीत एडमंडस्टनचं फूल कसं ओळखायचं

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडच्या अन्स्ट बेटावर, कीन ऑफ हामारला पोचलात की हिरवळ शोधू नका. मी पहिला अर्धा तास तोच वेडेपणा केला. बाल्टासाउंड गावाच्या पूर्वेची ही टेकडी म्हणजे कुणी खडीचे डंपर रिकामे करून गेल्यासारखी. एडमंडस्टनच्या फुलाला, म्हणजे सेरास्टियम निग्रेसेन्सला, नेमकी हीच खडी लागते. जगात ते फक्त अन्स्टवर उगवतं, तेही सर्पेंटाइन खडकावर. या मातीत मॅग्नेशियम आणि निकेल उदंड, कॅल्शियम-फॉस्फरस नावापुरतं, आणि पाणी पडताक्षणी झिरपून जातं. गवताची इथे डाळ शिजत नाही, म्हणून याला जागा मिळते.

जून-जुलैत जा. वारा असणारच. उभ्याने काही दिसत नाही, गुडघे टेकावेच लागतात. कुठे टेकतोय ते मात्र आधी बघा.

पांढरं फूल दिसलं म्हणून हुरळू नका. मी हौसेने चाळीस फोटो काढले, आणि सगळे नॉर्वेजियन सँडवर्ट या दुसऱ्याच पांढऱ्या फुलाचे निघाले! दहापट भिंग लावून पाकळीचं टोक बघा. पाच पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला खाच, तर आपलं फूल. टोक अखंड असेल तर सँडवर्ट. चारच पाकळ्या असतील तर ते रॉक-क्रेस नावाचं तिसरंच झाड, पुढे चला. तरीही शंका राहिली तर फुलाच्या मधोमध कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचे बारीक दांडे) मोजा : आपल्याला पाच, सँडवर्टला तीन.

मला स्वतःला फुलापेक्षा पानं जास्त आवडली. गोलसर, जाडसर, गर्द हिरवी आणि वर जांभळट झाक. 'निग्रेसेन्स' म्हणजे काळवंडणारं, ते यावरूनच. भिंगातून त्यांवर आखूड, दाट, चिकट लव दिसते. सँडवर्टचं पान जवळजवळ गुळगुळीत. एवढ्याशा बुटक्या झाडाला फूल मात्र त्याच्या मानाने चांगलंच ऐसपैस.

1837 मध्ये हे फूल थॉमस एडमंडस्टनने हेरलं तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा पोर होता, त्याच बेटावरचा. भिंग असूनही चकलेली मी हे कुणाला फारसं सांगत नाही.

झाड उपटू नका. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तसं करणं तिथे गुन्हा आहे. आणि फोटो झाल्यावर उठताना मागे वळून बघा. दुसरं झाड बहुतेक वेळा आपल्या बुटापाशीच असतं.