तीन प्रेमकथा एकदम कशा वाचाव्यात

माझ्या सासूबाई संध्याकाळी ओळीनं चार मालिका बघतात. कुठल्या सुनेला कुठल्या घरातून बाहेर काढलंय, यात त्यांचा कधी घोळ होत नाही. मी मात्र तीन कादंबऱ्या उघड्या ठेवल्या की विचारतात, "अगं, लक्ष तरी लागतं का तुझं?" लागतं. पुस्तकं निवडताना आणि मिटताना थोडं डोकं चालवावं लागतं, एवढंच.

रहस्यकथा अशा वाचता येत नाहीत, संशयितांची सरमिसळ होते. प्रेमकथेत शेवटी दोघं एकत्र येणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून पुस्तक मध्येच बाजूला ठेवलं तरी जीव टांगणीला लागत नाही. मजा असते ती टप्प्यांची: ओळख, खटके, विरघळणं, मग मोठा गैरसमज नाहीतर ताटातूट, आणि समेट. माझा नियम एकच: एका वेळी एकाच पुस्तकात ताटातूट चालू हवी. दोन पुस्तकांत एकदम विरह सुरू झाला की ऑफिसात बायका विचारायला लागतात, घरी सगळं ठीक आहे ना?

पुस्तकं तीनच घ्या. एक जाडजूड जुनं, एक पातळ, एक मराठी. काळ आणि गाव वेगवेगळं हवं. इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे साधारण १८११ ते १८२० मधल्या, दोन कथा एकदम घेऊ नका. दोन्हींत ड्यूक, दोन्हींत नाच, दोन्हींत हवापालटाला बाथ शहर. तिसऱ्या दिवशी कुठला ड्यूक कुणाचा ते आठवत नाही. ना. सी. फडक्यांच्या दोन कादंबऱ्यांचंही तेच. एक वाचा, खुशाल वाचा, पण दुसरी पुढच्या महिन्यात.

आता प्रत्यक्ष उदाहरण देते. शेवट फुटेल, पण ही पुस्तकं पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीची आहेत, माझा इलाज नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ६१ प्रकरणांचं. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ३४व्या प्रकरणात, फटकारून घेतो, ३५व्यात लांबलचक पत्र देतो. समेट थेट ५८व्यात. 'जेन एअर' (१८४७) ३८ प्रकरणांचं. जेन आणि रॉचेस्टरचं लग्न २६व्यात मोडतं, २७व्यात जेन त्याचं घर सोडते, आणि पुन्हा भेट होते ३७व्यात. दोन्ही एकदम सुरू करून रोज एकेक प्रकरण वाचलंत, तर डार्सीची मागणी नाकारली जाते तेव्हा जेन बिचारी रॉचेस्टरपासून कितीतरी कोस लांब असते. म्हणजे दुहेरी दुःख.

म्हणून 'जेन एअर' २५व्या प्रकरणाअखेर मिटा. लग्नाची आदली रात्र आहे, सगळं अजून शाबूत आहे. मग 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ४५व्या प्रकरणापर्यंत न्या. एलिझाबेथ पेम्बर्लीला, म्हणजे डार्सीच्या वाड्यावर, जाऊन आलेली असते, डार्सी वितळलेला असतो, आणि त्या प्रकरणाच्या शेवटी तो त्याच्यावर डोळा ठेवून असलेल्या कॅरोलाइन बिंगलीला जे सुनावतो ते वाचून दिवस चांगला जातो. तिथेच थांबा. ४६व्यात एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया पळून गेल्याची बातमी येते. आता जेनला घराबाहेर काढायला हरकत नाही. तिचं लग्न मोडणं, उपाशी भटकणं आणि तिला मागणी घालणाऱ्या पाद्री सेंट जॉनची प्रवचनं (मी ती भराभर वाचते, तुम्हीही वाचा) संपवून तिला रॉचेस्टरपाशी पोचवा आणि मगच लिडियाकडे वळा. दोन्ही पुस्तकांत एकेक जेन आहे, ते तेवढं सांभाळा. काही आवृत्त्यांत तीन खंडांप्रमाणे प्रकरणं पुन्हा एकपासून मोजलेली असतात, तेव्हा आकड्यावर न जाता प्रसंग बघा.

जेनच्या हालअपेष्टा चालू असताना, मिटून ठेवलेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या जागी पातळ पुस्तक कामी येतं. मी फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी मिल्स अँड बून उचलते. प्रेमकथांसाठी प्रसिद्ध असलेली ही कंपनी १९०८ सालची, आणि तिची पुस्तकं साधारण दोनशे पानांच्या आत आटपतात. ठाण्याहून सीएसएमटीला जाताना चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून एका हातात मावतं. यातला मोठा गैरसमज बहुतेक शेवटच्या चतुर्थांशात येतो, म्हणून चाळीस-पन्नास पानं उरली की बाकी दोन्ही पुस्तकं बाजूला ठेवा आणि एका बैठकीत संपवा. जाड पुस्तक उशाशी. मराठी मी स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ॲपवर ऐकते, पोळ्या करताना. कुकर लावलेला असताना मात्र ऐकू नका. शिट्टी नेमकी नायक तोंड उघडतो तेव्हाच होते.

मिटायचं कुठे? वर सांगितलेले थांबे सोडले तर प्रकरणाच्या शेवटी मिटू नका. लेखिकेनं तिथेच गळ टाकलेला असतो, आणि बाकीच्या दोन पुस्तकांचा हक्काचा वेळ जातो. एखादं संभाषण संपलं की मधेच मिटा. खूण म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा ठेवा आणि त्यावर पेन्सिलीनं दोन गोष्टी लिहा: कोण कुणावर रागावलंय, आणि कुणाला काय ठाऊक नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. नायिका गव्हर्नेस आहे की डॉक्टर हे दोन पानांत आठवतं. पण त्यानं गुपचूप मदत केल्याचं तिला कळलंय की नाही, हे विसरलात तर पुढचा सगळा रुसवा वायफळ वाटतो.

प्रतिलिपी ॲपवर भागांनी येणाऱ्या कथा या तिघांत घेऊ नका, पूर्ण झालेली असेल तरच घ्या. लिहिणारीनं मध्येच लिहिणं सोडलं तर विरह कायमचा तुमच्या गळ्यात.

लायब्ररीचं पुस्तक असेल तर मुदत जवळ येईल तसं त्याला पुढे काढा, बाकीची घरचीच आहेत. एक संपलं की त्याच्या जागी त्याच जाडीचं आणा, नाहीतर लोकलमध्ये 'जेन एअर' धरून मनगट दुखतं. आणि दोन-तीन आठवडे एखाद्याला हातच लावावासा वाटला नाही, तर त्या जोडप्याचं जमो न जमो, पुस्तक परत करून टाका.