तानपुरा जुळवताना कान नेमका कुठे ठेवायचा

सोलापुरात एप्रिल लागला की सकाळी जुळवलेला तानपुरा दुपारी उतरलेला असतो. उन्हाने तारा सैलावतात, लाकूड सुकतं, खुंट्या घसरतात. खुंटीला खडू लावणं वगैरे ज्यांना येतं त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

पहिलं काम सोपं. चारही तारा ढोबळमानाने स्वरात आणा, जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असलेला, दोरा केसभर सरकवत तार झणकारेल तिथे ठेवा, आणि जोडीतली, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांतली, पहिली तार पेटीच्या षड्जाला नेमकी लावा.

आता जोडीतली दुसरी. मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपचा हिरवा दिवा लागला की झालं, असं सांगणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका. मी वर्षभर तेच केलं. दोन्ही तारा हिरव्या, आणि तरी गायला बसलं की काहीतरी सलायचं. शेवटी गुरुजी वैतागून म्हणाले, "तार ऐकू नकोस गं, दोघींच्या मधलं ऐक!"

मधलं म्हणजे काय? मी पांढरी सहामध्ये गाते, म्हणजे माझा षड्ज पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीवर. एक तार सेकंदाला २२० कंपनांची आणि दुसरी २२२ ची असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि बसतो. कानाच्या आतल्या शंखात वेगवेगळे स्वर वेगवेगळ्या जागी उमटतात, पण इतके जवळचे दोन स्वर एकाच जागेवर येऊन पडतात. म्हणून दोन स्वर न ऐकू येता एकच हेलकावा ऐकू येतो. घोडीखाली तारेत ओवलेला मणी तारदानाकडे, म्हणजे तारा बांधलेल्या खालच्या टोकाकडे, सरकवला की स्वर चढतो. तो किंचित किंचित सरकवत हेलकावा मंद करत न्यायचा.

फसगत पुढे आहे. हेलकावा पाच सेकंदांना एक इतका मंद झाला की तो कळायच्या आत तार विझते आणि आपण खूश होतो. अशा वेळी षड्ज ऐकणं सोडा, कान वर न्या. त्याच तारेतून निघणाऱ्या पाचपट कंपनांच्या स्वरात, म्हणजे वरच्या गंधारात, तोच फरक पाचपट वेगाने, सेकंदाला एकदा हेलकावतो. तो ऐकू यायला मला सहा महिने लागले आणि त्या काळात दोनदा तार तोडली. दुसरं म्हणजे हे काम पहाटे करा. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. तिथले यंत्रमाग सुरू झाले की गंधार गेलाच म्हणून समजा.

ज्याला हे ऐकू येतं त्याचा कान काही वेगळा घडलेला नसतो, मेंदू तयार झालेला असतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यावसायिक व्हायोलिनवादकांना, लक्ष दुसरीकडे असताना, सुरेल स्वरसंघांमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांमध्ये, मधूनच एखादा किंचित बेसूर ऐकवला. त्यांच्या मेंदूलहरींनी तो टिपला, संगीत न शिकलेल्यांच्या लहरींनी नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटं जोड उतरवून पुन्हा लावा.

खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार, सोपा. जोडीच्या बरोबर एक सप्तक खाली आला की त्यातून गंधार आपोआप उभा राहतो. तो पेटीवर पडताळू नका. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले, तर पेटीचा गंधार तारेतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. मोबाइलवर रेकॉर्ड करूनही खर्ज तपासू नका. तो इवलासा स्पीकर खर्जाचा मूळ स्वर धड वाजवूच शकत नाही. वरच्या स्वरांवरून मेंदू तो मनानेच भरून काढतो आणि आपल्याला वाटतं, वा, काय खर्ज लागलाय!

पंचमाची तार शेवटी. इथे पेटी जेमतेम दोन भाग उतरी असते, पण तोही कानानेच लावा.

मग जोड पुन्हा एकदा तपासा, कारण खुंट्या पिळताना ती हलतेच. गवसणी घालून तानपुरा भिंतीपासून दूर, सावलीत ठेवा. आमच्या मंगळवेढा-बेगमपूरकडचा भोपळा मिरजेला जाऊन तानपुरा होऊन परत येतो खरा, पण इथल्या उन्हापुढे त्याचाही टिकाव लागत नाही. दुपारी पुन्हा जोडीपासून सुरुवात.